नाचणाऱ्यांनीच गावं

डिसेंबर-जानेवारीत महाराष्ट्रातल्या कुठल्याही शाळेच्या स्नेहसंमेलनाला जा. समूहनृत्याची घोषणा होते, मुलं अंधारात येऊन आपापल्या जागा धरतात, कोपऱ्यात बसलेलं कोणीतरी लॅपटॉपची कळ दाबतं आणि मंडप दणाणतो. तीस-चाळीस मुलं पाच मिनिटं जीव तोडून नाचतात. त्यांतल्या एकाचाही आवाज आपल्या कानावर पडत नाही. नाच कोळ्यांचा असो, शेतकऱ्यांचा असो की मंगळागौरीचा, गळा कुणा दुसऱ्याचाच असतो. मुलं फार तर ओठ हलवतात.

माझी मागणी अशी आहे की प्रत्येक शाळेच्या संमेलनात निदान एक समूहनृत्य नाचणाऱ्यांच्या स्वतःच्या आवाजावर व्हावं, आणि लोकनृत्याच्या स्पर्धांनी आपल्या गुणपत्रिकेत नाचणाऱ्यांच्या आवाजासाठी वेगळे गुण ठेवावेत. ट्रॅकवरच्या नाचावर बंदी घाला असं मी म्हणत नाही. मुलांना आवडतं त्या गाण्यावर ती नाचणारच आणि नाचावीतही. पण सगळेच्या सगळे नाच मुके असावेत आणि त्यात आपल्याला काही खटकूही नये, ही गोष्ट मला गंभीर वाटते.

यावर पहिली हरकत ठरलेली असते. नाचता नाचता गाता येत नाही, दम लागतो. हरकत खरीच आहे. गाताना श्वास चटकन घ्यायचा आणि सावकाश पुरवून सोडायचा असतो. नाचताना शरीर भराभर श्वास मागतं. या दोन मागण्या एकमेकींच्या आड येतात. मात्र आपल्याकडच्या बायकांनी, शाहिरांनी आणि वारकऱ्यांनी यावर फार पूर्वी तोड काढून ठेवली आहे, आणि ती त्यांच्या गाण्यांच्या बांधणीतच आहे.

फुगडी बघा. दोघी समोरासमोर येतात, हातांची अढी घालतात, उखाणा घेतात. तेव्हा पाय जवळजवळ जागेवर असतात. गिरक्या सुरू झाल्या की शब्द संपतात आणि तोंडाने घातलेला पकवा तेवढा उरतो. म्हणजे जिथे दम लागतो तिथे गाण्यानेच शब्द सोडून दिले आहेत आणि श्वासालाच ठेका केलं आहे. गोव्याच्या फुगडीत तर ही फुंकर नाचाचाच भाग असते. वाद्य कुठलंच नसतं. बायका गात गात वेग वाढवतात आणि शेवटी नुसता ‘फू’ ऐकू येतो. कळशी फुगडीत हातातल्या कळशीच्या तोंडात फुंकर घालतात आणि तिच्यातून घुमारा निघतो. दमलेल्या बाईचा श्वास लपवायचा नाही, तोच वाजवायचा, इतका सूक्ष्म विचार त्यात आहे.

झिम्म्याच्या ओळी आखूड आणि टाळीच्या मापाच्या असतात. एकीने ओळ उचलायची, बाकीच्यांनी ती झेलायची, तेवढ्यात पहिलीचा श्वास परत येतो. पौषात गोव्याच्या गावांत मांडावर, म्हणजे त्यासाठी राखलेल्या पवित्र जागेवर, धालो हे बायकांचे नाच होतात तेव्हा बायका हातांची साखळी करून समोरासमोर दोन रांगांत उभ्या राहतात. एक रांग गात पुढे येते, मागे जाते, मग दुसरी गाणं उचलते. पोवाड्यात शाहिराच्या मागे झीलकरी ‘जी जी रं जी’ म्हणतात ते काय केवळ शोभेसाठी? त्या जागेत शाहीर श्वास घेतो, प्रेक्षकांकडे बघतो, पुढच्या कडव्याचा जोर जमवतो.

आणि वारी. आळंदी ते पंढरपूर सुमारे अडीचशे किलोमीटरची वाट. दिंडीत टाळकऱ्यांच्या रांगा समोरासमोर उभ्या राहतात, पखवाजावर थाप पडते आणि पावली सुरू होते. वाकणं, उडी घेणं, मागे सरणं, गिरकी, आणि हे सगळं टाळ वाजवत व अभंग म्हणत. यात साठी ओलांडलेली माणसंही असतात. त्यांनी कुठे शिबिर केलेलं नसतं. एकाने चरण म्हणायचा, इतरांनी तो घ्यायचा, नाच चढला की ‘ज्ञानोबा माउली तुकाराम’ एवढ्यावर यायचं, थकवा आला की पुन्हा संथ चाल. श्वास कुठे खर्चायचा आणि कुठे राखायचा याचं इतकं पक्कं भान शेतात राबणाऱ्या माणसाला आहे. मग आपल्या बारा-तेरा वर्षांच्या धडधाकट मुलांना ते जमणार नाही असं आपण कशाच्या आधारावर ठरवून टाकतो?

हे तुटलं कसं, ते समजायला फार खोदावं लागत नाही. टेपरेकॉर्डर गावोगाव पोचला, कॅसेट स्वस्त झाली आणि शाळेला पेटीवाला-ढोलकीवाला शोधायची गरज उरली नाही. नंतर सीडी आली, पेनड्राइव्ह आला, आता फोन. ही सोय वाईट होती असं मी म्हणणार नाही. ज्या शाळेत सूर धरणारं एकही माणूस नव्हतं त्या शाळेतल्या मुलांनाही तिने मंचावर आणलं. मात्र सोयीबरोबर सवयही आली. आता ज्या शाळेत उत्तम गाणाऱ्या बाई आहेत, तबला वाजवणारे सर आहेत, त्या शाळेतही ट्रॅकच लागतो. गाणाऱ्या मुलांचं समूहगीत वेगळं होतं, ती पांढऱ्या कपड्यांत रांगेत ताठ उभी असतात. नाचणारी मुलं वेगळी, आणि ती गप्प असतात. गाणारा हलत नाही, नाचणारा बोलत नाही, आणि हीच शिस्त आहे अशी पालकांची समजूत झालेली आहे.

मला सगळ्यांत जास्त बोलायचं आहे ते तालमीबद्दल. कार्यक्रम पाच मिनिटांत संपतो. तालीम महिना-दीड महिना चालते, आणि मुलं शिकतात ती तिथेच.

ट्रॅकवरची तालीम मी अनेक शाळांत पाहिली आहे, आणि ती सगळीकडे जवळपास सारखीच असते. गाणं लागतं. समोर उभा असलेला नृत्यदिग्दर्शक ‘फाइव्ह, सिक्स, सेव्हन, एट’ म्हणतो आणि स्टेप दाखवतो. पोरं आरशात बघावं तसं त्याच्याकडे बघतात. कोणी चुकलं की गाणं पहिल्यापासून. ट्रॅक कुणासाठी थांबत नाही. ज्याचा पाय अर्ध्या मात्रेने मागे पडतो तो हळूहळू शेवटच्या रांगेत जातो, तिथेही जमलं नाही तर झाड होतो किंवा ढग. जोशी-कुलकर्ण्यांचा मुलगा असो की आश्रमशाळेतला, या प्रकारात त्याचं शेजाऱ्याशी काही देणंघेणं नसतं. चाळीस मुलं चाळीस वेळा एकाच स्पीकरचं ऐकत असतात. त्यांनी एकमेकांचं ऐकावं अशी जागाच त्या रचनेत नाही.

आवाजावरची तालीम अगदी निराळी चालते. मी ज्या थोड्या ठिकाणी ती बसवायला मदत केली तिथला क्रम सांगते. पहिले काही दिवस नाचच नाही. गोल करून बसायचं आणि शब्द नुसते बोलायचे, चाल न लावता, टाळीवर. ओळीत श्वास कुठे घ्यायचा ते मुलांनाच शोधायला सांगायचं. ती शोधतात, आणि बऱ्याचदा बरोबर शोधतात, कारण चुकीच्या जागी शब्द तुटलेला त्यांच्याच कानाला बोचतो. मग उभं राहून जागच्या जागी पाय टाकत तेच शब्द. मग चाल. मग अर्ध्या गटाने गायचं आणि अर्ध्याने फेर धरायचा, दोन आवर्तनांनंतर अदलाबदल. सगळ्यांनी एकाच वेळी गाणं आणि नाचणं हे शेवटी येतं, तेही धृपदापुरतं. कडवी दोघांतिघांनी उचलायची आणि ते दोघे-तिघे त्या वेळी चालत असतील, उड्या मारत नसतील, एवढी काळजी बसवणाऱ्याने घ्यायची. याहून मोठं शास्त्र त्यात नाही. फुगडी आणि दिंडी जे करतात तेच आपण शाळेच्या व्हरांड्यात करत असतो.

या पद्धतीत मागे पडलेल्या मुलासाठी गाणं थांबू शकतं. फेर अडखळला तर पुढचं धृपद आणखी एकदा म्हणता येतं आणि तोवर पाय जुळतात. पायांत अवघडलेल्या मुलीचा आवाज खणखणीत असेल तर ओळ उचलणारी ती होते आणि सगळा गट तिच्या सुरुवातीची वाट बघतो. सूर नसलेला पण लय पक्की असलेला मुलगा टाळी धरतो. सातवी-आठवीतल्या मुलांचे आवाज फुटत असतात, ती गायला लाजतात. त्यांना खालच्या सुरातली झील किंवा बोललेल्या ओळी द्याव्यात. बोललेल्या ओळींना लोकनाट्यात, भारुडात केवढं मोठं स्थान आहे! सगळ्यांनी सुरेल गायलंच पाहिजे असा आग्रह धरला तर हा सगळा उद्योग दोन दिवसांत मोडेल. आवाज म्हणजे फक्त गाणं नव्हे. हाक आहे, आरोळी आहे, कुजबुज आहे, श्वास आहे.

पट्टीचा मुद्दा संगीत शिक्षकांनी तरी मांडायला हवा होता. ट्रॅकवरचं गाणं ज्या पट्टीत असतं ती त्या गायिकेच्या गळ्याला शोभणारी असते. मुलांनी सोबत गायचा प्रयत्न केलाच तर एक तर ती वर ओढली जातात किंवा खाली घसरतात, आणि ‘आमच्या मुलांना सूर नाही’ असा शिक्का बसतो. स्वतः गाताना पट्टी आपण ठरवतो. आज घसे बसलेत, एक सूर खाली घ्या, इतकं सोपं असतं ते.

शब्दांचंही तसंच. ट्रॅकवर नाचताना मुलं कशाच्या तालावर नाचताहेत इकडे मोठ्यांचं लक्ष नसतं. शब्द स्पीकरमधून येतात, मुलांच्या तोंडून नव्हे, म्हणून तिसरीतल्या मुली प्रौढ शृंगाराच्या गाण्यावर मुरडतात आणि समोर बसलेले आईवडील टाळ्या वाजवतात. तेच शब्द त्या मुलींना मोठ्याने म्हणायला सांगा. पहिल्याच तालमीत बाई वही बंद करतील आणि दुसरं गाणं शोधतील.

आता दुसऱ्या हरकती. ‘पण शास्त्रीय नृत्यात नाचणारा कुठे गातो?’ असं जाणकार विचारतात. गाणारे वेगळे, नाचणारे वेगळे ही विभागणी जुनी आहे, मान्य. पण कथकमध्ये नर्तक बोलांची पढंत स्वतः करतो, म्हणजे ते तालात तोंडाने म्हणून दाखवतो, आणि मग ते पायांनी म्हणतो. भरतनाट्यममध्ये बालसरस्वती अभिनय करताना स्वतः गात असत, हे त्यांच्या कलेचं खास वैभव मानलं गेलं. आपल्याकडे बैठकीच्या लावणीत गाणं आणि अदा एकाच बाईची असते. २०१२ साली पद्मश्री मिळालेल्या यमुनाबाई वाईकरांनी ही परंपरा शेवटपर्यंत जपली. विठाबाई नारायणगावकर तमाशाच्या फडावर गायच्याही आणि नाचायच्याही. आज लावणीचे कित्येक कार्यक्रम ध्वनिमुद्रित गाण्यांवर होतात, आणि आवाज काढून घेतल्यावर त्या कलावतीकडे पाहणाऱ्याची नजर कशी बदलते ते सांगायला नको. शब्द तिचे असतात तेव्हा ती प्रेक्षकाला उत्तर देऊ शकते, एखादी ओळ फिरवू शकते, कोणाची जीभ सैल सुटली तर त्याला जागेवर बसवू शकते.

आणि जिथे गाणारे-नाचणारे वेगळे असतात तिथेही ते एकमेकांना ऐकत असतात, हे विसरू नये. कोकणातल्या जाखडीत गाणारे आणि वाजवणारे मधे बसतात, नाचणारे पायात चाळ बांधून त्यांच्याभोवती फिरतात आणि पालुपद झेलतात. वारल्यांच्या नाचात तारपा या फुंकून वाजवायच्या वाद्याची सुरावट बदलली की फेराची पावलं बदलतात. वादकाला नाचणाऱ्यांचा उत्साह दिसतो, तो त्यांना आणखी फिरवतो किंवा आवरतं घेतो. लॅपटॉपला यांतलं काहीच दिसत नाही.

हे सगळं जुन्या लोककलांपुरतंच आहे असंही कुणी समजू नये. आधुनिक मराठी रंगभूमीचं जगभर गाजलेलं एक रूप याच पायावर उभं आहे. १९७२ साली ‘घाशीराम कोतवाल’ मंचावर आलं तेव्हा त्यात पुण्याच्या ब्राह्मणांची रांग होती. झुलत, गात उभी राहिलेली ती माणसं पाठ फिरवली की भिंत व्हायची, हलली की पडदा व्हायची, फुटली की गर्दी. जब्बार पटेलांचं दिग्दर्शन, भास्कर चंदावरकरांचं संगीत आणि कृष्णदेव मुळगुंदांची नृत्यरचना अशा तिघांच्या कामातून ती साखळी तयार झाली. त्या रांगेचा आवाज ध्वनिफितीवर टाकून नुसती शरीरं हलवली असती तर काय उरलं असतं याची कल्पना करा. कीर्तनी सुरातून हळूच धमकी डोकावते, भजन म्हणता म्हणता माणसं क्रूर होतात, हे त्याच गळ्यांतून आणि त्याच देहांतून यावं लागतं. आजही महाविद्यालयांतली पथनाट्यं करणारी मुलं डफावर घोषणा देत, धावत, मनोरे रचत वीस-वीस मिनिटं रस्त्यावर उभी असतात, माइकशिवाय. त्याच महाविद्यालयाच्या लोकनृत्याच्या संघाला मात्र दोन ओळी म्हणता येणार नाहीत असं मानलं जातं.

सगळ्यांत व्यावहारिक अडचण ध्वनियंत्रणेची. मोठ्या मैदानात तीस मुलांचा आवाज मागच्या खुर्च्यांपर्यंत पोचत नाही, हे खरं. मंचाच्या पुढच्या कडेला दोन-तीन माइक ठेवले आणि ओळ उचलणाऱ्यांना त्यांच्याजवळून नेलं तर बरंच काम भागतं. त्याहूनही चांगलं म्हणजे हा नाच मंचावर न करता प्रेक्षकांच्या मध्ये, मैदानात फेर धरून करावा. भोंडला पाटावरच्या हत्तीभोवती होतो, मंगळागौर घराच्या माजघरात होते. त्यांना समोरून बघणारा प्रेक्षक मुळात अपेक्षितच नव्हता. आपण त्यांना मंचावर चढवलं आणि मग त्यांचा आवाज पोचत नाही म्हणून स्पीकर लावले.

मंगळागौरीवरून आठवलं. मुंबई, ठाणे, पुण्यात मंगळागौरीचे खेळ करणारे बायकांचे गट आता श्रावणात घरोघरी आणि सभागृहांत बोलावले जातात. पन्नाशी-साठीच्या बायका लाट्या, कोंबडा, पिंगा ज्या दमाने खेळतात ते बघून मला फार आनंद होतो. पुष्कळ खेळ त्यांच्यामुळेच तगले आहेत. त्यांतल्या काही गटांनी ढोलकी आणि गाणाऱ्या बायका सोबत ठेवल्या आहेत. जे ट्रॅक वापरतात त्यांना माझी विनंती आहे की तो काढून टाका. यजमानीण आणि तिच्या मैत्रिणी खुर्चीत बसून बघत राहतात त्याचं एक कारण हे आहे की तयार गाण्यात त्यांना शिरायला वावच नसतो. ‘नाच गं घुमा’ कुणी तोंडाने सुरू केलं की पुढची ओळ खोलीतल्या चारजणी आपोआप म्हणतात आणि त्यांतल्या दोघी तरी उठतात.

परदेशातल्या महाराष्ट्र मंडळांना तर हे जास्तच लागू आहे. तिथल्या गणेशोत्सवात मुलं मराठी गाण्यांवर सुंदर नाचतात, पण त्यांतल्या अनेकांना गाण्याचा अर्थ माहीत नसतो, कारण शब्द तोंडात यावे लागत नाहीत. भोंडल्याची चार गाणी नाचत म्हणायला लावली तर आठवड्याच्या मराठी शाळेतल्या कितीतरी तासांचं काम होईल. ‘ळ’ आणि ‘ण’ नाचता नाचता जितके सहज बसतात तितके फळ्यासमोर बसत नाहीत.

राहिला नियमांचा भाग. काही सरकारी युवा महोत्सवांत लोकनृत्याला ध्वनिमुद्रित संगीत चालत नाही असं कलम आहे, आणि ते योग्यच आहे. पण त्या कलमाने अर्धंच काम होतं. संघ भाड्याने गायक आणतात, ते मंचाच्या कडेला माइकसमोर उभे राहतात, नाचणारे होते तसेच मुके राहतात. म्हणून कलम नाचणाऱ्यांविषयी हवं. नाचाच्या एकूण वेळापैकी ठरावीक भागात आवाज फेरातून आला पाहिजे, साथीदारांकडून नव्हे. शंभरातले वीस-पंचवीस गुण त्यासाठी राखावेत आणि ते देताना सुरेलपणापेक्षा एकमेकांना धरून म्हणण्याकडे पाहावं. परीक्षकांत एक माणूस गाण्यातला किंवा नाटकातला असावा. धाप लागलेली ऐकू आली म्हणून गुण कापू नयेत. वाद्य नसलेल्या संघाला वाद्यवाल्या संघापेक्षा खालचं मानू नये, नाहीतर पैसेवाल्या शाळा पुन्हा पुढे जातील आणि टाळी, पाय आणि गळा एवढ्यावर नाचणारी गावातली शाळा मागेच राहील.

शाळांना यासाठी कुणाच्या आदेशाची वाट बघायची गरज नाही. संमेलनाच्या तालमी दिवाळीच्या सुट्टीनंतर सुरू होतात. त्याआधी घटस्थापनेपासून भोंडल्याचे दिवस असतात. त्याच दिवसांत मधल्या सुट्टीत पटांगणावर फेर धरायला मुलामुलींना मोकळीक द्यावी. गाणी शिकवायला एखाद्या विद्यार्थ्याच्या आजीला, शाळेत काम करणाऱ्या मावशींना किंवा गावातल्या भजनी मंडळातल्या टाळकऱ्याला बोलवावं, आणि त्यांना मानधन द्यावं, कारण नृत्यदिग्दर्शकाला आपण ते देतोच.